लय जुनं असलं तर

चुडावा,
८ ऑगस्ट १९७५

प्रिय दैवशाला,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला ठेवशील की काय, ही एक धास्ती आहेच. तरी लिहायला बसले आहे. आधी हे सांगते, की इथं सगळे हिंडते-फिरते आहेत, वाईट बातमी नाही. कार्ड टाकलं नाही, कारण कार्ड पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळेच वाचतात आणि यातलं कोणी वाचावं असं नाही. भगवानरावांना मागाहून दाखवलंस तरी चालेल. पण आधी तू एकटी वाच, दार लोटून, लेकरं झोपलेली असताना.

तुला भाची झाली हे तुझ्या कानावर आलंच असेल. विशाखा नाव ठेवलं. आता सात महिन्यांची आहे, पालथी पडते, पुढं सरकायला बघते आणि जमत नाही म्हणून रडते. नाक तुमच्या घरचं आहे. गाडी आली की रडं थांबवून कान टवकारते. रेल्वे क्वार्टरच्या भिंती हादरतात, भांडी वाजतात, आणि ही हसते. तुझे दादा म्हणतात, पॉइंटमनची लेक शोभते. तू बारशाला आली नाहीस. मी वाट पाहिली होती, पण रागावले नाही. होस्टेलात एका खोलीत आपण दोन वर्षं काढली, एका डब्यात जेवलो, तूच मला बोट धरून या घरात आणलंस. तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे आणि तो माझ्यावरचा नाही.

माझ्या बाळंतपणाचं मात्र तुला कोणी सांगितलं नसेल. पहिलं म्हणून वालूरला माहेरी जायचं ठरलं होतं. निघायच्या दिवशी तुझी आई दारात अडून बसली. (मी त्यांना आत्याबाईच म्हणते, इथंही तसंच लिहिते.) न्यायला माझी आई सरजाबाई आली होती, तिच्यासमोरच म्हणाल्या, की पोरीला इथं राहू द्या, इथं गाडी हाताशी आहे, नांदेड जवळ आहे. आईला ते लागलं. आमच्या घरी काय लेकीचं बाळंतपण होत नाही का, असं ती बोलून गेली. मलाही आत्याबाईंचं वागणं विचित्र वाटलं. मग तुझं पहिलं बाळंतपण आठवलं. कळा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी तुला नांदेडला नेऊन ठेवलं होतं आणि तू हसत होतीस, की आईला माझ्यापेक्षा दवाखान्यावर जास्त भरवसा. आपण दोघींनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. या वेळी माझ्या आईचंच चाललं. मी वालूरला गेले.

कडूबाई सुईण चांगली आहे, माझ्या भावंडांना तिनंच बाहेर काढलं. पण दोन दिवस झाले तरी लेकरू खाली सरकेना. शेवटी तीच घाम पुसत म्हणाली, माय, आता माझ्या हातात राहिलं नाही, हिला घेऊन निघा. बैलगाडीनं सेलूपर्यंत आणि तिथून रेल्वेनं परभणीला. त्या बैलगाडीबद्दल मी लिहीत नाही. परभणीच्या दवाखान्यात चिमटा लावून विशाखा निघाली. निळी पडली होती. उशिरानं रडली, आणि ती रडली तेव्हा मी डोळे मिटले ते दुसऱ्या दिवशीच उघडले. उघडले तेव्हा उशाशी माझी आई नव्हती, आत्याबाई होत्या. तार मिळाल्यावर मिळेल त्या गाडीनं एकट्या आल्या होत्या. जी बाई कोणाच्या लग्नाला मुक्कामी जात नाही, ती परभणीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पोतं अंथरून राहिली.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात थांबतो. बाळंतपणानंतर मला लघवी होईना. पोट फुगून दगड झालं. मग नळी घातली. काही दिवसांनी नळी काढली, आणि तेव्हापासून लघवी माझी राहिली नाही. उठले की जायची. शिंकले, खोकले, विशाखाला उचललं, चुलीवर फुंकर मारली, की जायची. कधी काहीच केलं नाही तरी जायची. कळायचंसुद्धा नाही, मांडीला ओल लागली की समजायचं. सव्वा महिन्यात बरं होईल असं सगळ्या म्हणत होत्या. सव्वा महिना झाला, दोन झाले. मी पाणी प्यायचं सोडलं. सकाळचा कपभर चहा, दुपारी घोटभर पाणी. त्यानं दूध कमी झालं, लेकरू चिडचिड करायचं, आणि जे थोडं जायचं ते आगीसारखं जळजळत जायचं. तुझे दादा ड्यूटीवरून आले की मी चुलीपाशी, नाहीतर मोरीत. त्यांच्याजवळ बसायचं टाळायची. त्यांना वाटलं, बाळंतपणानं माझा स्वभाव बदलला. मला सांगता येईना. दैवशाला, आपण नवऱ्याला पगार सांगतो, भांडण सांगतो, स्वप्नसुद्धा सांगतो. हे कसं सांगायचं? मला एकच दिसायचं, की उभा जन्म असाच जाणार.

आत्याबाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. पण चुडाव्याला आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या धोतराचे तुकडे माझ्या उशाशी आणून ठेवले, धुतलेले, मऊ, एकावर एक घडी केलेले. कापडाची घडी कशी घालायची, म्हणजे चालताना सरकत नाही, ते स्वतःच्या हातानं करून दाखवलं. ते तुकडे आधी गार पाण्यात भिजवायचे, मग राखेच्या पाण्यात उकळायचे, आणि दोरीवर लुगड्याच्या आड वाळवायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाहीत. मांड्या सोलवटल्या होत्या, त्याला खोबरेल लावायला दिलं. मला वाटलं, जुन्या बायका, चार बाळंतपणं पाहिलेल्या, त्यांना ठाऊक असणारच. मला तेव्हा एवढीच शरम होती, की सासूला हे करावं लागतंय.

रजा संपल्यावर शाळेत गेले. शाळेत बाईमाणसाला आडोसा नाही, तुला माहीतच आहे, तुझ्या जिंतुरातही वेगळं नसेल. मी खुर्चीवर बसून शिकवायला लागले. कवायतीचा तास दुसऱ्या गुरुजींना दिला. पोरं एखाद्या गोष्टीवर खळाळून हसली की मी ओठ दाबून धरायची, कारण हसणं मला परवडणारं नव्हतं. वास येत असेल का, ही एक भीती दिवसभर मानेवर बसलेली असायची. कोणी खिडकी उघडली तरी वाटायचं, माझ्यामुळंच उघडली. पहिलीतली एक पोरगी रोज माझ्या मांडीला टेकून पाढे म्हणायची, तिला मी दूर बसवलं. ती रडवेली झाली. मला तिला जवळ घेता आलं नाही.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीला दरवर्षी विहारापुढं मीच बोलते. नाही म्हणून पाहिलं, पण मंडळी ऐकेनात. जयंतीला पांढरं पातळ नेसायचं असतं. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. त्रिशरण, पंचशील झालं, मी बोलायला उभी राहिले आणि चार वाक्यं झाली असतील नसतील, कोरड्या घशाला ठसका लागला. ठसका थांबेना. आणि मला कळलं. कापड होतं, पण कापडाच्या मानानं ते फार होतं. पुढं मेज होतं म्हणून समोरच्यांना दिसलं नसतं, पण ओट्यावरून खाली उतरायचं होतं, सगळ्या गावादेखत, पांढऱ्या पातळात. मी मेजाची कड धरून उभी राहिले.

तेवढ्यात आत्याबाई पाणी घेऊन आल्या. तू पाहिलंयस ना, जयंती असो की कोणाचं लग्न, रांजणापाशी त्याच असतात, घागर कडेवर. ठसका लागला म्हणून पाणी द्यायला आली असं सगळ्यांना वाटलं. ओट्याची पायरी चढताना त्यांचा पाय अडखळला आणि ती भरलेली घागर कमरेपासून खाली माझ्या अंगावर उपडी झाली. मी चिंब. त्याही चिंब. बायकांत हशा झाला, पुरुष चुकचुकले. वस्तीतली पंचफुला सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, की म्हातारीला दिसत नाही तर घरी बसावं, चांगलं मास्तरणीचं पातळ भिजवलं. आत्याबाईंनी मान खाली घातली. माझा हात धरून घरी घेऊन आल्या, मी पुढं आणि त्या माझ्या अगदी पाठीला लागून. दार लावलं, सुकं लुगडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या,

"पान्यानं भिजलेल्या बाईला कुनी काई इचारत न्हाई."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. इतक्या पटकन कसं सुचलं असेल, असं मला वाटलं. पुढं विचारायचा धीर झाला नाही. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी तुझ्या दादांना सांगून टाकलं, की हिला बायकांच्या डॉक्टरीणबाईकडं नेऊन आणते. कशासाठी ते सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

नांदेडला डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं. त्या घाईच्या बाई नाहीत. म्हणाल्या, आत फाटलेलं काही नाही. दोन दिवस लेकरू अडकून राहिल्यानं आणि नंतर पिशवी ताणली गेल्यानं तिथले स्नायू सैल पडलेत, ते परत घट्ट होतात. पाणी कमी पिते म्हटल्यावर चांगलं बोलल्या. एक व्यायाम सांगितला, लघवी मध्येच थांबवायची असते तसं आतून आवळून धरायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं. दिवसभरात जमेल तितक्या वेळा. कोणाला दिसत नाही, कळत नाही. जळजळीला औषध दिलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच रडले. रडतानाही थोडी गेली, आणि बाई म्हणाल्या, जाऊ दे, आता ती कमीच होणार आहे.

आम्ही उठलो. आत्याबाई दारापर्यंत गेल्या होत्या. तिथंच थांबल्या, दाराकडं तोंड करून, आणि मागं न वळता विचारलं,

"आन् बाई, लय जुनं असलं तर?"

डॉक्टरीणबाईंना आधी कळलं नाही. किती जुनं, म्हणाल्या. आत्याबाईंनी वर्षं सांगितली नाहीत. म्हणाल्या, "माझी लेक आता दोन लेकरांची माय हाय."

दैवशाला, ती लेक म्हणजे तू.

बाईंनी उठून दार लावलं. मला बाहेर बसवलं. बराच वेळ गेला. मग मला आत बोलावून समजावलं. लघवीची पिशवी आणि बाळंतपणाची वाट यांच्यामध्ये आत्याबाईंना एक भोक आहे. लहान आहे, म्हणून सगळंच वाहून जात नाही, पण ते कधी बंदही होत नाही. दिवसा नाही, निजल्यावर नाही. तुझ्या जन्मापासून. अशा बायका त्यांनी पाहिल्या होत्या, पण घरात, गावात कोणाला पत्ता लागू न देता इतकी वर्षं काढलेली बाई पाहिली नव्हती. आत्याबाई कोपऱ्यात लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होत्या. "शिवता येतं का?" एवढंच त्यांनी विचारलं. शिवता येतं, पण इथं नाही, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात, असं बाई म्हणाल्या. दवाखाना बाईला शिवून देतो, हे आत्याबाईंना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, हे असंच असतं.

परत येताना नांदेडच्या स्टेशनावर गाडीला उशीर होता. मी बाकड्यावर बसले, त्या खाली आपलं पोतं टाकून बसल्या, नेहमीसारख्या. आणि तिथं, दुपारच्या उन्हात, रुळांकडं बघत त्यांनी मला सगळं सांगितलं.

तू झालीस ते पोलीस अॅक्शनचं साल. रझाकार येतात म्हणून गाव रानात पळालं होतं. तुझे बाबा रेल्वेच्या गँगबरोबर कुठं अडकले होते ते कोणाला ठाऊक नव्हतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, तीत त्या, तुझी आजी आणि अडीच वर्षांचे दादा. तिथं कळा सुरू झाल्या. तू आडवी होतीस. रडायचीसुद्धा सोय नव्हती, आवाज बाहेर गेला असता. कळांवर कळा, दिवस उगवला, मावळला, पुन्हा उगवला. शेवटी शेजारच्या रानातून कोणी एक म्हातारी आली, तिनं तुला आतल्या आत फिरवलं. तू जिवंत निघालीस. आत्याबाईंचे शब्द लिहिते, "लेकरू जित्तं निघालं. मला वाटलं, झालं, आजून काय पायजे." आठवड्यानं पाणी वाहायला लागलं ते लागलंच.

तुझ्या बाबांना ठाऊक होतं. लोक त्यांना दुसरी करायला सांगत होते. त्यांनी केली नाही. दोन लेकरं आहेत, बास आहेत, म्हणायचे. कामावरून येताना कुठून कुठून मऊ जुनी कापडं आणून द्यायचे, कशासाठी ते कोणाला सांगायचे नाहीत. ते गेले आणि मग ठाऊक असणारं कोणी उरलं नाही.

होस्टेलात एकदा तू मला म्हणाली होतीस, की माझ्या आईला माझी शिसारी येते. लहानपणी कधी कुशीत घेऊन झोपली नाही, तुला आजीजवळ टाकायची, तू रडत गेलीस तर हातानं दूर करायची. तुझ्या मनात ते किती खोल आहे ते मला तेव्हाच दिसलं होतं. दैवशाला, तू ओली होशील म्हणून त्या तुला दूर करत होत्या. मांडवात त्या बसत नव्हत्या, रांजणापाशी उभ्या राहत होत्या, कारण रांजणापाशी सगळ्यांचीच लुगडी ओली असतात. पांढरं कधी नेसत नव्हत्या. हिवाळ्यातही दोनदा अंगावर पाणी घ्यायच्या, तर सोवळी झाली म्हातारी, असं आपल्याच वस्तीतल्या बायका टोमणे मारायच्या. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

आणि जिंतूर. तेही त्यांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. तुझं धाकटं आजारी होतं, हगवणीनं मलूल पडलं होतं, तू निरोप पाठवलास आणि त्या निघाल्या. चार कापडं घेतली होती. पण परभणीहून एसटी रस्त्यात नादुरुस्त झाली, दुसरी मिळेपर्यंत फार वेळ गेला. दुसऱ्या गाडीत सीट भिजली. शेजारची बाई ओरडली, कंडक्टरनं सगळ्यांदेखत त्यांना उठवलं, म्हणाला, म्हातारे, शरम नाही का. राहिलेला रस्ता दांडीला धरून उभ्या. तुझ्या दारात आल्या तेव्हा लुगडं ओलं होतं आणि आत तुझ्या सासरची माणसं बसली होती, नवी गादी, नवी चादर. उंबऱ्यातूनच त्यांनी लेकराचं कपाळ पाहिलं, डोळे उघडे आहेत ते पाहिलं, आणि मागं फिरल्या. तू पाठीमागून म्हणालीस, परत माझ्या दारात येऊ नकोस. ते त्यांनी ऐकलं. स्टँडवर न जाता गावाबाहेर एका बाभळीखाली लुगडं वाळेपर्यंत थांबल्या, मग शेवटच्या गाडीनं परत. मी म्हटलं, दैवशालाला हे सांगायला हवं होतं. तर म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? तिला काय म्हाईत? आन् सांगितलं तर तिला वाटंल, माझ्याच पायी झालं. लेकराला आसं वाटू देऊ नई." कोणाला सांगू नको असं त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं नाही. गाडी आली, तो विषय तिथंच राहिला.

तुझ्या दादांना मी घरी येऊन सांगितलं. ते उठून बाहेर गेले, सिग्नलच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. परत आले ते औरंगाबादचा पास काढायचं बोलूनच. त्याच बोलण्यात मी माझंही सांगून टाकलं. आता लिहिताना वाटतं, तेवढं सोपं होतं ते. म्हणाले, मला वाटलं तुझं माझ्यावरचं मन उडालं.

मी आता बरी आहे, म्हणजे बरीचशी. पोरं पाढे म्हणतात तेव्हा मी माझा व्यायाम करते, बे एके बे ला आवळायचं आणि बे दाहे वीसला सोडायचं. मोठा ठसका लागला तर अजून भरवसा नाही, पण कापडाशिवाय दिवस निघतो. ती पहिलीतली पोरगी पुन्हा मांडीला टेकते.

जूनमध्ये आत्याबाईंना औरंगाबादला दाखवून आणलं. गाडीत त्या पूर्ण वेळ दाराशी उभ्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन करू म्हटलं, पण टिकेलच असं सांगत नाही म्हणाले. फार जुनं आहे, कडा निबर झाल्यात, कदाचित दुसऱ्यांदा शिवावं लागेल. भुलीचीही भीती आहे, त्यांच्या अंगात रक्त कमी आहे. औषधं घेऊन, अंडी खाऊन दोन महिन्यांत थोडं भरून निघालं. तारीख मिळाली. आणि आता गेल्या आठवड्यापासून त्या नाही म्हणायला लागल्यात. राहू द्या, म्हणतात. इतकी वर्षं गेली, उरलेली जातील. जेवण कमी झालंय. परवा हातातले चांदीचे गोठ काढून विशाखाच्या पाळण्यात ठेवले, मी परत घातले, तर पुन्हा काढून ठेवले. माझा जीव थाऱ्यावर नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबते, की आपण हे का सुरू केलं, टाक्यासाठी नेलं आणि माणूसच गेलं तर. आणि नाही नेलं, तर मी रोज त्यांच्याकडं कशी बघू?

का नाही म्हणतात ते काल निघालं. शिवल्यावर दोन-तीन आठवडे नळी ठेवतात. ती नळी घटकाभर तुंबली तरी टाके उसवतात, म्हणून बाईमाणूस रात्रंदिवस उशाशी लागतं, नळी बघायला, अंग पुसायला, कापड बदलायला. बायकांच्या वॉर्डात तुझ्या दादांना थांबता येत नाही. मला अंगावरचं लेकरू घेऊन तिथं राहू देत नाहीत, आणि जड उचलायला मलाच अजून मनाई आहे. माझी आई यायला तयार आहे, पण आत्याबाई परक्या बाईला हात लावू देणार नाहीत. मी त्यांना विचारलं, मग कोण चालेल तुम्हाला, नाव तरी घ्या. त्या विशाखाला थोपटत होत्या. थोपटता थोपटताच म्हणाल्या, "तिला सांगाया मला तोंड न्हाई." कोणाला ते मी विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. येत्या अठरा तारखेला, सोमवारी, औरंगाबादच्या सकाळच्या गाडीनं आम्ही निघतोय. त्यांना मी कशीतरी तयार करीन, फक्त दाखवून येऊ असं सांगून का होईना. ती गाडी परभणीला थोडी जास्त थांबते. तू आदल्या दिवशी जिंतूरहून एसटीनं परभणीला येऊन राहिलीस तर सकाळी फलाटावर असशील. लेकरांना भगवानराव सांभाळतील, नाहीतर बरोबर घेऊन ये, परतताना मी त्यांना चुडाव्याला नेईन, विशाखाबरोबर राहतील. येशील तेव्हा माफी मागू नकोस, रडू नकोस, त्यांना ते झेपणार नाही. पिशवी घे आणि डब्यात चढ, एवढंच. हे पत्र मी लिहिलं हे त्यांना माहीत नाही. तू आलीस तर त्या माझ्यावर रागावतील, रागावू दे. आणि तुला नाहीच जमलं, राग अजून गेला नसला किंवा घरातून निघता आलं नाही, तर मी त्यांना काही सांगणार नाही. गाडी सुटेल, आणि परभणीच्या फलाटावर कोणी यायचं होतं हे त्यांना कधीच कळणार नाही. म्हणजे लेकीनं नाही म्हटलं, असं त्यांच्या मनात कधी येणार नाही. मी मात्र गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बघत राहीन.

तुझीच,
सत्यशीला